न्यूयॉर्कचा सार्वजनिक रेडिओ: शहराचा कारभार आणि शहराची कला एकाच केंद्रावर हवी की वेगळी?

सायंतारा

डब्ल्यूएनवायसी हे न्यूयॉर्कचं सार्वजनिक रेडिओ केंद्र. ८ जुलै १९२४ रोजी मॅनहॅटनमधल्या म्युनिसिपल बिल्डिंगमधून त्याचं पहिलं प्रसारण झालं, म्हणजे शंभरी कधीच उलटली. मी ते मनापासून ऐकते आणि त्याबद्दल एक मत मांडायला हा धागा काढते आहे.

मत असं: शहराच्या घडामोडी आणि शहराची कला एकाच केंद्रावर, एकाच श्रोत्यासाठी यायला हव्यात. ब्रायन लेहरर यांचा सकाळचा कार्यक्रम १९८९ पासून चालत आला आहे. त्यात घरभाडं, शाळा, पोलीस, अंदाजपत्रक यांवर श्रोते फोन करून बोलतात. दुपारी बाराला ॲलिसन स्ट्यूअर्ट यांचा ‘ऑल ऑफ इट’ लागतो. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात नाटक, चित्रं, पुस्तकं, संगीत सगळं येतं. सकाळी भाडेवाढीवर चिडलेला माणूसच दुपारी नव्या नाटकाबद्दल ऐकत असतो. त्याच्या दृष्टीने ही एकाच शहराची बातमी आहे. रंगकर्मी राहतात ते वस्त्यांमध्येच, आणि भाडं परवडेनासं झालं की तालमीची जागा आधी जाते. हा धागा जोडून दाखवायचं काम ज्या केंद्रावर दोन्ही आहे तेच करू शकतं.

‘ऑल ऑफ इट’ची एक गोष्ट मला विशेष आवडते. त्यांचं ‘गेट लिट’ नावाचं वाचनमंडळ आहे. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या साथीने ते एक पुस्तक निवडतात, श्रोते ग्रंथालयातून ते घेऊन वाचतात आणि मग लेखकाशी सगळ्यांसमोर गप्पा होतात. पुस्तकावर दहा मिनिटं बोलून पुढे जाणं आणि शहरभरच्या लोकांना तेच पुस्तक एका वेळी वाचायला लावणं, यात फार अंतर आहे.

पण गेल्या पंचवीसएक वर्षांत याच केंद्रावरून संगीत हळूहळू कडेला गेलं. ते बरं झालं की वाईट, यावर तुमचं ऐकायचं आहे. जुन्या श्रोत्यांनी जरूर लिहा.

जुनाश्रोता

छान विषय काढलात ताई. थोडा इतिहास लिहितो, कारण त्याशिवाय हा प्रश्न नीट कळत नाही.

हे केंद्र महापालिकेचं होतं. ग्रोव्हर व्हेलन या पालिका आयुक्तांनी १९२२ पासून त्यासाठी खटपट केली. ट्रान्समीटर मिळेना, तेव्हा ब्राझीलमधल्या एका प्रदर्शनात वापरलेला जुना आणून बसवला. सुरू झाल्या झाल्या महापौर हायलन त्यावरून विरोधकांवर तोफा डागू लागले आणि प्रकरण कोर्टात गेलं. पालिकेच्या पैशाने चालणाऱ्या माइकवर नक्की कोणाचा हक्क, हा वाद पहिल्या दोन वर्षांतच उभा राहिला होता.

मग आले महापौर लाग्वार्डिया. १९३३ च्या निवडणुकीत हे केंद्र बंद करून पैसे वाचवू, असं ते सांगत होते. निवडून आल्यावर मात्र तेच त्याचे सगळ्यात मोठे पाठीराखे झाले. १९४५ च्या जुलैमध्ये वृत्तपत्रं पोचवणाऱ्यांचा संप होता, तेव्हा मुलांचं काही अडू नये म्हणून महापौरांनी स्वतः रेडिओवर चित्रकथा वाचून दाखवल्या. ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्याच काळातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. मंदीच्या वर्षांत सरकारच्या कलाकारांना काम देणाऱ्या योजनेतून या केंद्राच्या स्टुडिओंमध्ये अमूर्त शैलीची भित्तिचित्रं करून घेतली गेली. त्यात स्ट्यूअर्ट डेव्हिस यांचं १९३९ चं चित्र आहे. अमूर्त चित्रं अजून बहुतेकांच्या पचनी पडत नव्हती, त्या दिवसांत पालिकेच्या रेडिओने ती आपल्या भिंतींवर लावली.

१९४० मध्ये त्यांनी अमेरिकन संगीताचा महोत्सव सुरू केला. १२ फेब्रुवारी ते २२ फेब्रुवारी, म्हणजे लिंकन यांच्या जन्मदिवसापासून वॉशिंग्टन यांच्या जन्मदिवसापर्यंत. युरोपातलं तेच खरं संगीत, अशी समजूत घट्ट असताना इथल्या हयात संगीतकारांच्या रचना हट्टाने वाजवायच्या, हा त्यामागचा विचार. लेडबेलीसारख्या गायकाला त्याच सुमारास या केंद्रावर स्वतःचा कार्यक्रम मिळाला. तुरुंगवास भोगून आलेला, कष्टकऱ्यांची गाणी गाणारा कृष्णवर्णीय माणूस, आणि त्याच्यासमोर पालिकेचा माइक!

आणि ऑस्कर ब्रँड. डिसेंबर १९४५ मध्ये त्यांचा लोकगीतांचा कार्यक्रम सुरू झाला तो सप्टेंबर २०१६ मध्ये ते जाईपर्यंत चालला. एकाच निवेदकाने सत्तर वर्षांहून जास्त! त्यासाठी त्यांनी मानधन घेतलं नाही. पन्नाशीच्या दशकात डाव्या विचारांच्या संशयावरून पीट सीगर यांच्यासारख्या लोकगायकांना मोठ्या केंद्रांची दारं बंद झाली, तेव्हा ब्रँड त्यांना बोलवत राहिले. १९६१ मध्ये बॉब डिलन नावाचा विशीतला मुलगा त्यांच्याकडे गाऊन गेला.

तर सायंताराताई, तुम्ही म्हणता ते एकत्र असणं या केंद्राच्या जन्मापासूनचं आहे.

प्रश्नचिन्ह

इतिहास वाचून आनंद झाला, पण आजचं काय? हल्ली मला हवं ते संगीत फोनवर मिळतं, हव्या त्या विषयाचा पॉडकास्ट मिळतो. सगळं एका केंद्रावर का ऐकायचं?

दुसरं असं की संस्कृतीच्या कार्यक्रमात पाहुणा येतो कधी? पुस्तक बाजारात आलं की, चित्रपट लागला की, नाटकाची तिकिटं विकायची असली की. निवेदक हसून स्वागत करतो, चार गोड प्रश्न विचारतो आणि पुढचा पाहुणा येतो. सकाळच्या कार्यक्रमात महापौरांना जसं धारेवर धरतात तसं संग्रहालयाच्या संचालकाला धरलेलं कितीदा ऐकलंत? मुलाखत आहे, समीक्षा नाही. याला कलेचं वार्तांकन म्हणायला मी तयार नाही.

पुस्तकवेडी

प्रश्नचिन्ह, दुसऱ्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. समीक्षक हवेत, पगारी हवेत आणि त्यांना नाटक पडलंय असं सांगायची मोकळीक हवी. वर्तमानपत्रांतून समीक्षेची जागा कमी होत चालली आहे, त्यामुळे रेडिओची जबाबदारी उलट वाढली आहे.

पहिल्या मुद्द्याबद्दल मात्र असं वाटतं की, मला काय हवं ते मला माहीत असेल तरच मी ते शोधणार. माहीतच नाही ते कोण आणून देणार?

मध्यलय

पुस्तकवेडी यांनी जिथे सोडलं तिथून पुढे लिहितो. मी वाजवणारा माणूस, म्हणून संगीतापुरतंच.

जॉन शेफर यांनी १९८२ मध्ये डब्ल्यूएनवायसीवर ‘न्यू साउंड्स’ सुरू केला. हा कार्यक्रम ऐकला नसेल तर त्याची कल्पना देणं अवघड आहे. एका तासात इंडोनेशियाच्या गॅमेलान वाद्यवृंदाचं वादन, मग अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइख यांची रचना, मग एखादं मध्ययुगीन गायन, मग कोणी नुकतंच घरी बसून इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर केलेलं काम. जोडणारा दुवा संगीताच्या आतला असतो: तोच स्वरसमूह, तशीच पुनरावृत्ती, तोच ठेहराव. हे जोडणं यंत्र करत नाही. यंत्र मी काल ऐकलं त्याच्या जवळचं काहीतरी आज देतं. शेफर मला त्या दोन टोकांतलं नातं ऐकवतात, आणि मग माझ्या रियाजातही काही हलतं.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये हा कार्यक्रम बंद करायचं केंद्राने जाहीर केलं होतं. श्रोते आणि संगीतकार यांनी एवढा आवाज उठवला की त्याच महिन्यात नव्या प्रमुख गोली शेखोलेस्लामी यांनी निर्णय फिरवला. प्रश्नचिन्ह, पॉडकास्ट बंद झाला तर आपण दुसरा ऐकतो. या कार्यक्रमासाठी लोक भांडले, कारण तो शहराच्या मालकीचा आहे अशी त्यांची भावना होती.

आता एक गोष्ट आपल्या मंडळींसाठी. न्यूयॉर्कच्या रेडिओवर रागसंगीत ऐकायचं तर कोलंबिया विद्यापीठाच्या डब्ल्यूकेसीआरकडे वळा, ८९.९ वर. तिथे ‘राग और ताल’ हा कार्यक्रम विद्यार्थी आणि स्वयंसेवक चालवतात आणि पूर्ण बंदिश वाजते, कापून नाही. २०१२ मध्ये याच केंद्राने ब्रुकलिन राग मॅसिव्ह या कलाकारांच्या गटाबरोबर चोवीस तासांचा ‘रागाज लाइव्ह’ सुरू केला. पहाटेचे राग पहाटे, माध्यान्हीचे माध्यान्ही. समयचक्र पाळून एवढं सलग प्रसारण करायला बाजारातलं कोणतं केंद्र तयार होईल? जाहिरात घालायची कुठे, विलंबित आणि द्रुतच्या मध्ये?

याच डब्ल्यूकेसीआरवर फिल शाप यांनी चार दशकं सकाळी फक्त जॅझचे सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांच्या संगीतावर कार्यक्रम केला. एका ध्वनिमुद्रणाची तारीख, स्टुडिओ, कोणत्या टेकला काय झालं, हे ते इतकं खोलात जाऊन सांगत की काही श्रोते कंटाळत. २०२१ मध्ये ते गेले. आमच्याकडे एखादा जुना जाणकार बैठकीनंतर घराण्याबद्दल बोलू लागतो तेव्हा कोणी घड्याळ बघत नाही. रेडिओवर तशी मोकळीक फक्त अशा केंद्रांनीच दिली.

नदीकाठ

मध्यलय, सुंदर लिहिलंत. मी पैशाबद्दल लिहितो, कारण ही मोकळीक कशावर उभी आहे ते पाहायला हवं.

अमेरिकेत एफएमवर ८८ ते ९२ मेगाहर्ट्झचा पट्टा विनाव्यापारी केंद्रांसाठी राखून ठेवलेला आहे. डब्ल्यूकेसीआर त्यात, जॅझ वाजवणारं नेवार्कचं डब्ल्यूबीजीओ त्यात, फोर्डहॅम विद्यापीठाचं डब्ल्यूएफयूव्ही त्यात. डब्ल्यूएनवायसीचं एफएम मात्र ९३.९ वर, म्हणजे राखीव पट्ट्याच्या बाहेर आहे. ती जागा व्यापारी केंद्रालाही चालली असती आणि न्यूयॉर्कसारख्या शहरात तिची किंमत प्रचंड. १९९५ मध्ये महापौर जुलियानी यांनी पालिकेच्या प्रसारणाच्या मालमत्ता विकायला काढल्या, तेव्हा दूरचित्रवाणीचं केंद्र २०७ दशलक्ष डॉलरला गेलं. रेडिओचं एएम आणि एफएम मिळून २० दशलक्षांना, सहा वर्षांत फेडायच्या बोलीवर, श्रोत्यांच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या फाउंडेशनला मिळालं. जानेवारी १९९७ मध्ये केंद्र पालिकेपासून स्वतंत्र झालं. बाजारभावाने विकलं असतं तर आज हा धागाच नसता.

मला हा फार मोठा क्षण वाटतो. जुनाश्रोता यांनी हायलन महाशयांचं लिहिलंय ना? महापौर मालक असताना महापौरांना प्रश्न विचारणं आणि ते मालक नसताना विचारणं, यातला फरक इथून सुरू झाला. पुढे महापौर डी ब्लासिओ दर आठवड्याला लेहरर यांच्याकडे यायचे आणि श्रोते थेट फोनवर त्यांना गाठायचे.

उत्पन्नाचे रस्ते साधारण असे: श्रोत्यांच्या वर्गण्या, देणगीदार आणि फाउंडेशनं, प्रायोजक, आणि पूर्वी संघराज्याचा थोडा पैसा. प्रायोजकाचं नाव घेता येतं, पण किंमत सांगता येत नाही, ‘आजच घ्या’ म्हणता येत नाही, दुसऱ्यापेक्षा चांगलं असंही म्हणता येत नाही. हे नियमच आहेत. म्हणूनच ऐकताना ती घोषणा कानाला खुपत नाही.

संघराज्याचा पैसा १९६७ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या सार्वजनिक प्रसारण महामंडळामार्फत येत असे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकन संसदेने या महामंडळासाठी आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले आणि ऑगस्टमध्ये त्याने काम गुंडाळायला सुरुवात करत असल्याचं जाहीर केलं. न्यूयॉर्कसारख्या मोठ्या केंद्रांच्या उत्पन्नात तो वाटा लहान होता, छोट्या गावांमधल्या केंद्रांचा मात्र तो श्वास होता. पण मोठ्या केंद्राचंही बरं चाललंय असं कोणी समजू नये. डब्ल्यूएनवायसीमध्ये २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नोकरकपात झाली. अशा वेळी आधी काय जातं? बातमी जात नाही. संगीत, निर्मितीला वेळ लागणारे कार्यक्रम, समीक्षक जातात. पुस्तकवेडी, तुमचे पगारी समीक्षक यायचे कुठून हा खरा प्रश्न आहे.

अनुजा_के

सायंतारा, मी तुमच्या मताच्या विरुद्ध आहे आणि कारण सांगते.

२००१ च्या सप्टेंबरमध्ये डब्ल्यूएनवायसीचा एफएम ट्रान्समीटर वर्ल्ड ट्रेड सेंटरवर होता, तो हल्ल्यात गेला. एएम चालू राहिलं आणि त्या दिवसांत लोकांनी या केंद्राला अक्षरशः धरून ठेवलं. त्यानंतर २००२ मध्ये केंद्राने एफएमवरचं दिवसाचं शास्त्रीय संगीत कमी करून बातम्या आणि चर्चा वाढवल्या. तेव्हा फार लोक दुखावले. माझ्या ओळखीच्या एका वयस्कर बाईंनी वर्गणी बंद केली होती. पण शहराला त्या वेळी काय हवं होतं? लोकांना एकमेकांशी बोलायचं होतं. लेहरर यांच्या कार्यक्रमाला २००७ चा पीबॉडी हा प्रसारणातला मानाचा पुरस्कार मिळाला तो समाज जोडणाऱ्या रेडिओसाठी.

आणि २००९ मध्ये याच संस्थेने डब्ल्यूक्यूएक्सआर घेतलं. १९३६ पासूनचं शास्त्रीय संगीताचं केंद्र, न्यूयॉर्क टाइम्सच्या मालकीचं. ते विकलं जाऊन त्याचं शास्त्रीय संगीत कायमचं बंद होऊ शकलं असतं. इथे साडेअकरा दशलक्ष डॉलर देऊन ते वाचवलं. आता चोवीस तास संगीत तिकडे आणि घडामोडी इकडे. ज्याला सिम्फनी ऐकायची आहे त्याच्या मध्ये अंदाजपत्रक येत नाही. यात वाईट काय?

सायंतारा

अनुजा, डब्ल्यूक्यूएक्सआर वाचलं याचा आनंद मलाही आहे. पण त्या व्यवहारात ते ९६.३ वरून १०५.९ वर गेलं आणि त्या जागेची ताकद पूर्वीच्या साधारण दहाव्या हिश्श्याची. उपनगरांतल्या कितीतरी श्रोत्यांचा रेडिओ खरखरू लागला. इंटरनेटवर ऐका म्हणणं सोपं असतं, पण आयुष्यभर एकाच बटणावर विसंबलेल्या माणसांना ते तसं नसतं.

माझा मूळ आक्षेप वेगळा आहे. संगीत स्वतंत्र केंद्रावर गेलं की ते ज्याला आधीच आवडतं त्याच्याच वाट्याला येतं. मध्यलय यांनी ‘न्यू साउंड्स’बद्दल लिहिलं, तो कार्यक्रम अनेकांना लागला तो बातम्यांनंतर रेडिओ चालूच राहिला म्हणून. आणि उलट बाजूने बघा: संगीताच्या केंद्रावर ऑपेरा कंपनीचा तोटा, वादकांच्या संघटनेचा करार, शाळांमधून बंद झालेले संगीताचे वर्ग, याची चर्चा कोण करणार? प्रश्नचिन्ह यांची तक्रार मला याच ठिकाणी रास्त वाटते. संग्रहालयाच्या संचालकाला धारेवर धरायला सकाळच्या टीमचं पत्रकारी रक्त आणि दुपारच्या टीमची कलेची जाण दोन्ही लागतात. दोघे एकाच इमारतीत, एकाच सकाळच्या बैठकीत असतील तर ते घडतं.

लेहरर यांनी २००७ मध्ये श्रोत्यांना आपापल्या दुकानातल्या दुधाचा, लेट्यूसचा आणि बिअरचा भाव कळवायला सांगितलं होतं आणि त्यावरून कोणत्या भागात माल महाग पडतो ते पुढे आलं. हाच प्रयोग कलेवर का करू नये? तुमच्या वस्तीत तालमीची खोली तासाला किती डॉलरला मिळते, शेवटचं फुकट नाटक कधी झालं, शाळेत संगीताचे शिक्षक आहेत का, हे श्रोत्यांनी कळवावं. असं एखादं सदर झालं तर पाहुण्याच्या तिकीटविक्रीवर अवलंबून राहावं लागणार नाही.

प्रश्नचिन्ह

हे सदर मी ऐकेन. आणि वर्गणीही देईन.

पुस्तकवेडी

तालमीच्या खोलीची कल्पना केंद्राला लिहून पाठवा ना ताई. श्रोत्यांच्या सूचना ते घेतात.

ऋतुगंध

धागा आजच पाहिला. मी यातलं काहीच ऐकलेलं नाही, कुठून सुरुवात करू? वेळ फक्त रात्री मिळतो.

जुनाश्रोता

ऋतुगंध, रात्र असेल तर मध्यलय म्हणतात तो ‘न्यू साउंड्स’ लावा. त्याचे जुने भाग इंटरनेटवर खुले आहेत. पहिल्या दिवशी नाही रुचला तर सोडू नका, प्रत्येक भागाचा विषय वेगळा असतो.

त्याशिवाय न्यूयॉर्क पब्लिक रेडिओचा, म्हणजे डब्ल्यूएनवायसी चालवणाऱ्या संस्थेचा, जुन्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह फुकट ऐकता येतो. लाग्वार्डिया चित्रकथा वाचताना ऐका, मग त्यांची रविवारची भाषणं ऐका. महापौर लोकांना भाज्यांचे भाव सांगतो, सट्टेबाजांना दम देतो. नंतर ऑस्कर ब्रँड यांच्याकडे या.

आणि अनुजा, तुमचं एक पटलं. संकटाच्या काळात बोलणं आधी हवं. माझं म्हणणं एवढंच की २००२ मध्ये काढलेला वेळ संकट ओसरल्यावर संगीताला परत मिळायला हवा होता.

अनुजा_के

परत द्यायचा तर कशातला कापून? सकाळचे दोन तास कापू देणार का तुम्ही?

जुनाश्रोता

सकाळचे नाही. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी एकच कार्यक्रम पुन्हा पुन्हा लागतो, तिथला वेळ द्यावा. शहरातल्या छोट्या सभागृहांमधल्या मैफिली ध्वनिमुद्रित करून त्या वेळी वाजवाव्यात. केंद्राकडे स्वतःचं ग्रीन स्पेस सभागृह २००९ पासून आहे, तंत्रज्ञ आहेत. वादकांना रीतसर मानधन द्यावं. खर्चाचा अंदाज नदीकाठ मांडू शकतील.

नदीकाठ

मांडतो, पण आधी मध्यलय यांनी सांगावं की एका मैफिलीच्या ध्वनिमुद्रणाला किती माणसं लागतात आणि वादक किती मानधनाला तयार होतील. मग आकडा जुळवून सायंताराताईंच्या पत्राला जोडू.